दुसरा खंड ओला झाला तेव्हा

एका वर्षी आम्ही बियाणं शिजवून खाल्लं. मी तेव्हा चौथीत होते. रोहण्याच्या शिवारात ठेक्यानं केलेला दीड एकर भाजीपाला, एवढंच आमचं होतं, आणि त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी तीनदा वाफ्यांतून फिरून गेलं. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांग्याची रोपं, काहीच उरलं नाही. पुढच्या हंगामासाठी वालाचं आणि बरबटीचं, चवळीचं, बी मडक्यात ठेवलेलं होतं. मायनं एका संध्याकाळी ते मडकं उतरवलं, बियांवरची राख धुतली आणि बी चुलीवर चढवलं. आम्ही तिघं भावंडं स्वयंपाकाचा गंज चाटूनपुसून जेवलो. माय आमच्याकडे पाठ करून बसली होती.

पुढच्या पेरणीला ती गावात दारोदार मूठभर बी मागत फिरली. काहींनी दिलं. एका बाईनं दिलंही आणि वर म्हणाली, "बियाणं खाऊन बसले बाप्पा हे लोक." भाजी पिकवणाऱ्या घराला याहून मोठी शिवी नाही. मी मायचा पदर धरून उभी होते, म्हणून मला ती शिवी जशीच्या तशी आठवते.

त्यानंतर बी ठेवण्याच्या बाबतीत माय फार कडक झाली. उन्हात बी वाळवू द्यायची नाही. सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी, धुतलेल्या जुन्या लुगड्यावर पसरायची. तासातासानं हात फिरवायची. लुगड्यानं ओल ओढून घेतली की ते काढून कोरडं घालायची. पार कोरडं झालं की चाळलेली राख, कडुलिंबाचा पाला, आणि मडक्याचं तोंड मातीनं बंद. "उन्हात टाकलं का वरून वाळते अन् आतून ओलंच राह्यते," ती सांगायची. "मंग महिन्यानं पाह्यजो कसं कुजते ते." शाळेत पाढे पाठ होण्याआधी मला हे पाठ झालं होतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. बाबा सही करत, माय अंगठा लावी. बारावीनंतर मी आर्वीच्या कॉलेजात नाव घातलं. सकाळच्या एसटीत मी आणि भाजीचे गठ्ठे बरोबरच चढायचो. दहापर्यंत बाजारात बसायचं आणि मग तशीच वर्गात. एकदा एका सरांनी शिकवता शिकवता थांबून विचारलं की वर्गात सांबार कोण घेऊन आलंय, वास येतोय. मी उभी राहिले. म्हटलं, मी सर, हातांना आहे, पाहिजे असेल तर सकाळी बाजारात या, इथं मी विकत नाही. वर्ग हसला, सरही हसले. दुसऱ्या दिवशी ते खरंच बाजारात आले आणि दोन जुड्या घेऊन गेले.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी आर्वीच्या एसटी डेपोत ज्यांनी विचारलं त्यांनाही सांगितलं आणि ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही. मला त्याची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पुढं त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात मला काम मिळालं. आधी पुस्तकं काढून देण्याचं, घेण्याचं, झटकण्याचं. नोकरी करता करता मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि सहायक झाले. ग्रंथपाल निवृत्त झाले, ती जागा रिकामी राहिली, आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या. पद नव्हतं, पण किल्ल्या होत्या.

तो जुना इंग्रजी शब्दकोश मला त्या किल्ल्यांमुळे सापडला. दरवर्षी ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद होते. दाखलनोंदवहीत जे लिहिलंय ते कपाटात आहे की नाही ते पाहायचं असतं. मागच्या कोठीत कापसाच्या एका जुन्या व्यापारी घराण्यानं फार पूर्वी दिलेल्या पेट्या होत्या. नोंदवहीत त्यांच्यापुढं एकच ओळ होती: इंग्रजी डिक्शनरी, जुनी, नग दोन. यातला एक नग पेटीत सापडला. दुसरा आमच्या शिपाईकाकांच्या टेबलावर होता. परीक्षेचे अर्ज डिंकानं चिकटवले की ते त्यावर तो खंड ठेवायचे. "यासारखं वजन नाई भेटत कुठं," ते म्हणाले. काकांची त्यात चूक नाही. एवढं मोठं पुस्तक, पानं पिवळी, अक्षरं जुन्या वळणाची, आमच्या कॉलेजात कोण उघडणार होतं?

मी उघडलं. मुखपानावरचं साल रोमन आकड्यांत होतं. मी ते कागदावर मांडून पुन्हा पुन्हा जुळवलं, कारण उत्तर अडीचशे वर्षांच्याही मागं जात होतं. ग्रंथालयशास्त्रात आम्हाला जुन्या पुस्तकाची आवृत्ती कशी ओळखायची ते शिकवलं होतं. दुसरी, तिसरी असा शब्द मुखपानावर कुठं नव्हता. मी मोठ्या ग्रंथालयांच्या याद्या इंटरनेटवर धुंडाळल्या, खंडांचं माप पट्टीनं मोजलं, पान उजेडासमोर धरून त्यातल्या हातकागदाच्या रेघा पाहिल्या. महिनाभरानं माझी खात्री झाली की ही इंग्रजी भाषेच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या कोशांपैकी एकाची पहिली आवृत्ती आहे. मी प्राचार्य सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, डिक्शनरी जुनी झाली की बिनकामाची होते ना?

मी फोटो काढून नागपूरच्या एका बाईंना पाठवले. जुन्या कागदांची दुरुस्ती आणि देखभाल हे त्यांचं काम. त्या स्वतः आर्वीला आल्या, हात धुऊन, कोरडे करून खंड उघडले, आणि पानं मोजत शेवटपर्यंत गेल्या. मग म्हणाल्या की हा तोच आहे, पहिलीच आवृत्ती आहे, आणि दोन्ही खंड पूर्ण असणं फार दुर्मिळ.

त्या दिवसापासून त्या कोशाला भाव आला. आणि लगेच तो न्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. शहरातल्या एका मोठ्या संग्रहानं पत्र पाठवलं की तालुक्याच्या कॉलेजात असं पुस्तक सांभाळण्याची सोय नाही, तरी ते आमच्याकडे द्यावं. संस्थाचालकांना ते पटत होतं. मी प्राचार्य सरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं की सर, इतकी वर्षं पेटीत होता तेव्हा कुणी मागितला नाही. तो इथल्या माणसानं इथल्या कॉलेजला दिलाय. इथंच राहील, मी सांभाळते. सर म्हणाले, तू एकटी? मी म्हटलं, हो. सरांनी दिवाळीपर्यंतची मुदत मिळवून दिली. दिवाळीआधी संग्रहाची माणसं येऊन पाहतील, कोश नीट असेल तर राहील, नसेल तर जाईल. मी तो लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली.

कपाटाच्या वर छत होतं, ते मी पाहिलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी अजूनही दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकत नाही.

पोळा आणि तान्हा पोळा अशी दोन दिवस सुटी होती. दोन्ही दिवस पाऊस धरून होता. तिसऱ्या दिवशी मी ग्रंथालय उघडलं तेव्हा कपाटाखाली पाणी होतं. पहिला खंड वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला होता, तो वाचला होता. खालच्या कप्प्यात छतातून गळलेलं पाणी साचलं होतं, आणि तिथला दुसरा खंड खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत भिजून फुगला होता. हात लावला तर थंड आणि जड, धुतलेल्या सतरंजीसारखा.

मी नागपूरच्या बाईंना फोन लावला. त्या कामासाठी दूर गेल्या होत्या, फोन लागत नव्हता. शिपाईकाका घाबरले होते, त्यांनाच कपाटावरची ओल आधी दिसायला हवी होती असं त्यांना वाटत होतं. बाहेर तोवर ऊन पडलं होतं. ते म्हणाले, "गच्चीवर नेऊन ठेवतो, दोन तासांत खडखडीत होते." त्यांनी खंड उचललाही.

मी आडवी आले. म्हटलं, काका, उन्हात नाही.

"काऊन?"

मी सांगितलं की वरून वाळेल आणि आतून ओलंच राहील. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मला कोणत्याही पदवीनं शिकवलेलं नव्हतं. मी मायला फोन लावला. माय शेतात होती. तिला म्हटलं, माय, एक पुस्तक भिजलंय, खूप जुनं, बियाण्यासारखं वाळवायचंय. तिनं पुस्तक कशाचं हे विचारलं नाही. किती भिजलं ते विचारलं. आणि म्हणाली, "पंखा लावू नको जोरात. मी येऊन राह्यली."

दुपारच्या एसटीनं ती आली. डोक्यावर लुगड्याच्या पट्ट्यांचं गाठोडं आणि हातात एक डबा. मी त्या कॉलेजात तीन वर्षं शिकले, सात वर्षं नोकरी केली, पण माय पहिल्यांदाच आत येत होती. तिनं ग्रंथालयाच्या दारात चपला काढल्या. मी म्हटलं, इथं काढत नाहीत. ती म्हणाली, "असू दे." मग त्या दिवशी पुस्तकं बदलायला आलेल्या पोट्ट्यांनी तिच्या चपला पाहून आपल्याही काढल्या, आणि दारात चपलांची ही रांग लागली.

खंड आम्ही वाचनकक्षाच्या मागच्या ओसरीत नेला. तिथं सावली आणि वारा. खाली कोरडं लुगडं. दर दहा-बारा पानांनंतर एक पट्टी, पान ओढायचं नाही, बोट खालून घालायचं आणि हवा जाऊ द्यायची. भिजलेली पट्टी काढायची, दोरीवर टाकायची, कोरडी घालायची. तासातासानं. मी घाई केली की माय माझ्या मनगटावर चापट मारायची. ओसरीभर दोरीवर लुगड्याच्या पट्ट्या फडफडत होत्या. बी.कॉम.ची पोरं जिन्यावर उभी राहून विचारत होती की मॅडम, लायब्ररीत कोणी बाळंतीण हाये काय. काकांनी त्यांना सांगितलं की हो, अडीचशे वर्षांची आहे, आवाज करू नका.

माय रोज येत राहिली. सकाळी भाजी बाजारात दिली की इकडे. पाचव्या दिवशी पानं बहुतेक वाळली होती, पण जिथं ती शिवलेली असतात त्या आतल्या खाचेत ओल होती. पट्टी तिथपर्यंत पोचत नव्हती. मायनं आणलेला डबा उघडला. त्यात चाळलेली राख होती. ती म्हणाली की ही घातली की ओल खाते आणि कीडही लागत नाही. मी ग्रंथालयशास्त्राची पदवीधर. मला एक क्षण शंका आली. पण आत्तापर्यंत तिचं प्रत्येक सांगणं खरं ठरलं होतं, आणि त्या खाचेत मला बुरशीची भीती वाटत होती. मी म्हटलं, घाल. तिनं चिमटीचिमटीनं खाचेत राख सोडली.

चूक झाली. ओल राखेनं ओढली, पण ओल्या कागदाला राख धरून बसली. दुसऱ्या दिवशी चौदा पानांच्या आतल्या कडेला करड्या रेघा उमटल्या होत्या. माय त्या रेघांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दाण्याले साल राह्यते. याले साल नाई. हे माह्या ध्यानात नाई आलं."

तिनं डबा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी संध्याकाळी घरी गेले तर ती वांग्याच्या वाफ्यात होती. तिच्या डोक्यात एकच होतं. आता लोक म्हणतील, शिकलेल्या पोरीचं काम अडाणी मायनं बुडवलं. मी तिला काही समजावलं नाही, मला तसं बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं की पट्ट्या बदलायला दोन हात कमी पडून राह्यले. ती सकाळी माझ्याबरोबर निघाली.

नवव्या दिवशी नागपूरच्या बाईंचा फोन आला. अकराव्या दिवशी त्या आल्या, आणि नेमके त्याच दिवशी संग्रहाचे दोन गृहस्थ, आमचे संस्थाचालक आणि प्राचार्य सरही आले. भिजल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, दिवाळीची वाट त्यांनी पाहिली नाही. ओसरीत टेबलावर खंड ठेवलेला. मी बाजूला उभी. माय दोरीच्या पलीकडे.

बाईंनी पान पान उलटायला सुरुवात केली. संग्रहाच्या एका गृहस्थांनी त्या करड्या रेघा आधी पाहिल्या. त्यांनी विचारलं, हे काय आहे, आणि हे कुणी केलं.

"राख आहे," मी म्हटलं. "मी घातली."

दोरीपलीकडून माय म्हणाली, "राख म्या घातली, साहेब. तिनं नाई. तिले सांगून घातली, पण हात माहा होता."

ते गृहस्थ संस्थाचालकांकडे वळले आणि म्हणाले की बघा, मी म्हणत होतो ते हेच. संस्थाचालकांनी मान डोलावली. मला वाटलं, गेला कोश.

बाई मात्र पानं उलटतच राहिल्या. शेवटच्या पानापर्यंत गेल्या, परत आल्या. मग त्यांनी विचारलं की भिजल्यावर पहिल्या तासात काय केलं ते सांगा. मी सगळं सांगितलं. उन्हात नेऊ दिलं नाही, सावली, लुगड्याच्या पट्ट्या, तासातासानं बदल. त्या म्हणाल्या की राख घालायला नको होती, ते चुकलं, आणि तसं अहवालात स्पष्ट लिहिणार असंही त्यांनी सांगितलं. ती मऊ कुंचल्यानं निघेल, वेळ लागेल. पण इतकं भिजलेलं पुस्तक, आणि एक पान दुसऱ्याला चिकटलेलं नाही, बुरशीचा एक ठिपका नाही. शहरातल्या थंड खोलीत, मशिनं असताना, त्यांनी याहून वाईट झालेलं पाहिलंय.

"हे उन्हात ठेवलं असतं तर आज मी इथं वीट बघायला आले असते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मायला जवळ बोलावलं आणि एक पान उजेडासमोर धरलं. म्हणाल्या, मावशी, हा कागद झाडाचा नाही. त्या काळी कागद जुन्या कापडाच्या चिंध्यांपासून करत. म्हणून तो इतका टिकला.

मायनं पानाकडे पाहिलं, मग दोरीवरच्या पट्ट्यांकडे. "म्हंजे लुगडंच होय हे," ती म्हणाली. "आधी सांगाचं ना."

पहिल्यांदा हसले ते आमचे सर. नंतर बाकीचे. ते संग्रहाचे गृहस्थसुद्धा थोडेसे हसले, पण त्यांनी आपला मुद्दा सोडला नाही. छताचं काय, असं विचारलं. त्यांचं चूक नव्हतं. मी संस्थाचालकांना तिथंच म्हटलं की छताची ती बाजू आधी करून द्या, कपाट भिंतीपासून हातभर पुढं आणि जमिनीपासून वर ठेवू, आणि पावसाळ्यात सुटी असली तरी रोज एकदा मी येऊन उघडून पाहीन. लिहून द्यायला तयार आहे. त्यांनी विचारलं, रविवारी पण? मी म्हटलं, भाजीला रविवार नसतो साहेब, मला सवय आहे.

त्यांनी लिहून घेतलं. मी लिहून दिलं. कोश इथंच ठेवायचं ठरलं.

राख काढायला पुढचे तीन आठवडे लागले. बाईंनी मला मऊ कुंचला कसा धरायचा ते शिकवलं, दर आठवड्याला येऊन पाहत होत्या. चौदातल्या अकरा पानांवर आता रेघ शोधावी लागते. तीन पानांवर ती दिसते. ती पानं मी पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी दाखवते आणि ती कशी आली तेही सांगते. बाईंच्या अहवालात राखेची चूक लिहिलेली आहे, आणि त्याखाली पहिल्या तासात जे केलं त्यामुळे खंड वाचला, हेही लिहिलेलं आहे. त्यात माझं नाव आहे आणि मायचंही आहे. बाबांनी त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. डेपोत कुणाकुणाला दाखवली ते मी विचारलं नाही.

छत दुरुस्त झालं. पुढच्या पावसाळ्यात मी एकही दिवस चुकवला नाही. सेलूच्या, वर्ध्याच्या कॉलेजांतले विद्यार्थी कोश पाहायला येतात. मी त्यांना हात धुऊन कोरडे करायला लावते, आणि ते स्वतः पान उलटतात. काचेतून नुसतं पाहायला मी ठेवलेलं नाही. गेल्या वर्षी ग्रंथपालाची रिकामी जागा भरली गेली. मुलाखत झाली, बाहेरचे उमेदवार होते, आणि ती जागा मला मिळाली.

इंग्रजी कोशाची ती पहिली आवृत्ती, दोन्ही खंड, सगळी पानं पूर्ण, आज आर्वीच्या आमच्या कॉलेजात आहे. दाखलनोंदवहीतली जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली नवी, पूर्ण नोंद केली आहे, आणि त्या नोंदीपुढं ग्रंथपाल म्हणून सही माझी आहे.